नाकातली नळी पोटातच आहे हे रात्री दोन वाजता कसं ओळखायचं?

चिनूची आई

नमस्कार. मी सोलापूरची, जोडभावी पेठेच्या बाजूला राहते. माझी मुलगी दोन वर्षं चार महिन्यांची आहे, घरात आम्ही तिला चिनू म्हणतो. जन्मल्यावर ती लगेच रडली नव्हती. सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला इजा झाल्यानं अंगावर ताबा येत नाही. मान आता कुठं धरायला लागलीय. तोंडानं दिलेलं तिच्या श्वासनळीत जातं. दोनदा न्यूमोनिया झाला, दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी नाकातून नळी घातली आणि नळीसकट घरी पाठवलं. त्याला चार महिने झाले. आठ नंबरची नळी आहे, दिवसातून सहा वेळा १२० मिली देते. तेव्हा वजन ६ किलो ९०० होतं, आता ७ किलो ८०० आहे. नळीमुळंच ती भरलीय हे आधी सांगते. पुढचं वाचून कुणाला वाटायला नको की मी नळीच्या विरुद्ध आहे.

मागच्या मंगळवारची रात्र. हे यंत्रमागावर रातपाळीला गेले होते. चिनूच्या हातात मी पायमोजे घालून ठेवते, नळी ओढू नये म्हणून. उकाड्यानं गालावरची पट्टी घामात सुटली होती, एक मोजा निघाला होता, आणि दोनच्या सुमारास बघते तर नळी अर्धी बाहेर. दवाखान्यात मला नळी घालायला शिकवलंय, आठ-दहा वेळा मी घातलीय. घातली. मग शिकवल्याप्रमाणं सिरींजनं हवा मारली, पोटावर स्टेथोस्कोप ठेवला. गुरगुर ऐकू आली. अगदी नेहमीसारखी. मी दूध जोडलं.

पंधरा-वीस मिली गेलं असेल. ती खोकली, मग खोकला थांबला आणि ओठ काळेनिळे पडले. मी सिरींज खाली घेतली, नळी दाबून धरून ओढून काढली, तिला कुशीवर केलं, पाठ चोळली. सासूबाई शेजारच्यांना उठवायला धावल्या. त्यांच्या रिक्षातून दवाखाना. चार दिवस ॲडमिट होती. आता घरी आहे, बरी आहे, ऑक्सिजन लागत नाही.

दवाखान्यात कुणी मला दोष दिला नाही. पण त्या दिवसापासून दूध जोडताना माझा हात थरथरतो. आवाज तर आला होता. मग मी अजून काय बघायला पाहिजे होतं? तुम्ही घरी कसं ओळखता?

दुसरं, डॉक्टर म्हणतात आता पोटातून नळी बसवून घ्या, छोटं ऑपरेशन आहे. सासूबाईंना ते अजिबात पटत नाही. लेकराच्या पोटाला कायमचं भोक, पोरीची जात, पुढं कसं व्हायचं, असं म्हणून त्या रडतात. त्यांच्यावर मी रागावू शकत नाही, चिनूला माझ्याइतकंच त्याही बघतात. विड्या वळून उठल्या की कोपरापर्यंत साबण लावून हात धुतात आणि मगच नळीला हात लावतात, तंबाखूचा कण जायला नको म्हणून. ज्यांनी ऑपरेशन करून घेतलंय त्यांनी खरं काय ते सांगा.

---

रंगखाना

ताई, तुमचं वाचलं आणि जेवणाचं ताट बाजूला ठेवून लिहायला बसलो. मीही सोलापूरचा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या रंगखान्यात आहे. माझा मुलगा सहा वर्षांचा, आजार तुमच्या चिनूचाच. सव्वा वर्ष नाकातली नळी होती, गेली तीन वर्षं पोटातून आहे. ऑपरेशनचं उद्या लिहितो. आज फक्त पहिल्या प्रश्नाचं, कारण ते आज रात्रीही लागेल.

हवेचा आवाज खोटं बोलतो. तुमच्या ऐकण्यात चूक नव्हती. लेकरांची छाती आणि पोट वीतभर अंतरात असतं, अंगावर मांस नसतं. नळी अन्ननलिकेत अर्ध्यावर अडकलेली असो नाहीतर फुप्फुसाच्या वाटेला गेलेली असो, हवा मारली की गुरगुर पोटावर ऐकू येऊ शकते. दुसरी एक पद्धत काही जण सांगतात, नळीचं टोक पाण्याच्या वाटीत बुडवायचं आणि बुडबुडे आले तर फुप्फुसात. तीही सोडून द्या. पोटातही हवा असते, तिचेही बुडबुडे येतात. आणि नळी फुप्फुसात असूनही बुडबुडे न येण्याची शक्यता असते. शिवाय लेकरानं त्याच क्षणी श्वास आत ओढला तर पाणीच आत जाईल.

बघायचं ते नळीतून परत येणारं पाणी. सिरींज जोडून हळू ओढायचं, जे अर्धा-एक मिली येईल त्याचा थेंब पीएच पट्टीवर टाकायचा. पीएच म्हणजे आम्ल मोजायचा आकडा, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त, आणि पोटात आम्ल असतं. पट्टीनं ५.५ किंवा त्याच्या खाली दाखवलं तर नळी पोटात आहे असं धरून दूध जोडायचं. ५.५ च्या वर दाखवलं तर जोडायचं नाही, लेकरू कितीही रडो.

आता हे माझ्या धंद्यातलं म्हणून जरा सविस्तर सांगतो. रंगखान्यात आमचा सगळा खेळ पीएचवर. सुती टॉवेलवर रिॲक्टिव्ह रंग पक्का बसायला सोडा घालून पीएच साडेदहा-अकराच्या आसपास न्यावा लागतो, मग ॲसेटिक ॲसिड टाकून परत खाली आणायचा. पट्टीचा रोल माझ्या खिशात कायम. मुलाला नळी लागली तेव्हा मला वाटलं, कागद तर आपल्याकडे आहेच. पहिल्याच दिवशी कळलं की तो चालत नाही. आमचा रोल १ ते १४ चा, एकेका आकड्याच्या टप्प्याचा. ५ आणि ६ मध्ये पिवळट आणि जरा जास्त पिवळट एवढाच फरक, आणि आपला सगळा निर्णय त्याच फटीत. अर्ध्या-अर्ध्या आकड्यानं रंग बदलणारी, माणसाच्या पोटातल्या पाण्यासाठी म्हणून बनवलेली पट्टी मागा. मेडिकलवाल्याकडे नसेल तर तो मागवून देतो, सर्जिकल सामानाच्या दुकानात लवकर मिळते. शाळेतला लिटमस घेऊ नका, तो नुसता लाल-निळा होतो, किती ते सांगत नाही. डबीचं झाकण घट्ट लावा, ओल लागली की पट्टी बिघडते. मुदतही बघा.

आणि रंग बघायचा तो पांढऱ्या उजेडात. पिवळ्या झिरो बल्बखाली ५.५ आणि ६ सारखेच दिसतात. आम्ही कपड्याची छटा पिवळ्या दिव्याखाली कधी पास करत नाही. लेकराच्या बाबतीत का करायची? पाळण्याजवळ एक पांढरा एलईडी लावून घ्या.

पाणी येतच नसेल तर घाबरू नका, आठ नंबरच्या बारीक नळीत असं फार वेळा होतं. एक-दोन मिली हवा हळूच आत सोडा, ऐकण्यासाठी नाही, नळीचं तोंड पोटाच्या भिंतीला चिकटलं असेल ते सुटावं म्हणून. चिनूला डाव्या कुशीवर पंधरा-वीस मिनिटं झोपवा, पोटातलं पाणी त्या बाजूला साठतं. परत ओढा. मोठी सिरींज वापरा, २० मिलीची किंवा त्याहून मोठी, लहान सिरींजचा जोर फार येतो.

दोन गोष्टींनी आकडा फसवतो. एक, दूध. दूध आम्ल मारतं, म्हणून पाजल्यावर लगेच तपासू नका, पुढच्या वेळेला द्यायच्या आधी तपासा. दोन, ॲसिडिटीचं औषध. चिनूला ओमेप्राझोलसारखं काही चालू असेल तर पोट पुरतं रिकामं असूनही ६ येऊ शकतं. तसं असेल तर डॉक्टरांना सांगून ठेवा, तिचा नेहमीचा आकडा किती ते लिहून ठेवा.

नळी किती आत, हेही दरवेळी बघायचं. नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत, तिथून छातीचं हाड संपतं ती जागा आणि बेंबी यांच्या बरोबर मधोमध. ही लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा आणि नाकपुडीपाशी नळीवर पक्क्या मार्करनं रेघ मारा. लेकरू वाढतं, माप बदलतं, महिन्या-दीड महिन्यानं परत मोजा. आमच्याकडे पाळण्याच्या वरच्या भिंतीवर "३१" असा आकडा खडूनं लिहिलेला असायचा. माझी आई शाळेत गेलेली नाही, पण तो आकडा तिला बरोबर वाचता यायचा.

---

वॉर्डातली सिस्टर

मी लहान मुलांच्या वॉर्डात अठ्ठावीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. रंगखानावाल्या भाऊंनी लिहिलेलं बरोबर आहे. मला आधी एक कबूल करायचंय. हवा मारा आणि ऐका, हे मी शेकडो आयांना शिकवलं. आम्हाला तसंच शिकवलं होतं, आणि बहुतेक वेळा नळी जागेवरच असते त्यामुळं चूक लक्षातही येत नाही. ब्रिटनमध्ये २००५ सालीच सरकारी सूचना निघाली होती की या आवाजावर विसंबू नका, पीएच बघा, शंका असेल तर एक्स-रे काढा. माझ्या हातून शिकून गेलेल्या आया आठवल्या की जीव कासावीस होतो. म्हणून इथं लिहिते.

ताई, तुम्ही त्या रात्री जे केलं ते योग्य केलं. दूध थांबवलं, नळी दाबून काढली म्हणजे तिच्यातलं दूध घशात गळलं नाही, कुशीवर केलं. यापेक्षा वेगळं मीही केलं नसतं, फक्त १०८ ला फोन लावायला कुणालातरी सांगितलं असतं, कारण त्या गाडीत ऑक्सिजन असतो.

भाऊंच्या लिहिण्यात तीन भर घालते.

आकडा ५ आणि ६ च्या मध्ये घुटमळत असेल तर एकटीनं ठरवू नका. घरातल्या दुसऱ्या माणसाला पट्टी दाखवा, त्याला तुमचा अंदाज न सांगता विचारा. दोघांचं जुळलं नाही तर दूध द्यायचं नाही. अर्धा-पाऊण तास थांबून परत बघायचं.

दुसरं. रात्री नळी निघाली आणि खात्री होत नसेल, तर चिनूचं एक दूध चुकलं तरी चालेल. सकाळी दवाखान्यात जाऊन घालून घ्या. पण हे सगळ्या मुलांना लागू नाही. काही चयापचयाच्या आजारांत, साखर खाली जाणाऱ्या मुलांत, उपाशी राहणं धोक्याचं असतं. आणि फिटचं औषध नळीतून जात असेल तर त्याचा डोस चुकता कामा नये. "रात्री नळी निघाली तर मी काय करू, किती तास थांबू, फिटच्या औषधाचं काय" हे डॉक्टरांकडून आजच कागदावर लिहून घ्या आणि तो कागद फ्रीजवर चिकटवा.

तिसरं, पाजताना डोकं आणि छाती उंच, तीस ते पंचेचाळीस अंश, आणि नंतरही निदान अर्धा तास तशीच. दूध दट्ट्यानं ढकलायचं नाही. दट्ट्या काढून सिरींज उभी धरा, आपल्या भारानं उतरू द्या, वीस मिनिटं लागली पाहिजेत. भरभर जात असेल तर सिरींज खाली आणा. अंग दुखतं, हात अवघडतो, माहीत आहे मला.

औषधाआधी आणि औषधानंतर थोडं पाणी, दोन औषधं एकत्र मिसळायची नाहीत, दुधात तर नाहीच. गोळी कुटायच्या आधी विचारा. काही गोळ्या हळूहळू विरघळायसाठी बनवलेल्या असतात, कुटल्या की सगळा डोस एकदम जातो.

आणि तोंडानं काही जात नाही म्हणून तोंड विसरू नका. दिवसातून दोनदा मऊ ब्रशनं दात, हिरड्या, जीभ साफ करा. घाण लाळ फुप्फुसात उतरली तरी न्यूमोनिया होतो.

---

चिनूची आई

सिस्टर, भाऊ, तुमचं दोघांचं वाचून मी खूप रडले. चार महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी "तुझं चुकलं नाही" एवढ्यावर न थांबता "मग काय करायचं" तेही सांगितलं.

फिटचं औषध चालू आहे, रात्री नऊला. ॲसिडिटीचं नाही. नवी पेठेतल्या मेडिकलमध्ये सांगून आलेय, परवा पट्ट्या येतील म्हणाले. माप घेतलं, ३० आलं. सासूबाईंनी भिंतीवर कुंकवानं लिहिलं.

अजून एक विचारते. घरचं अन्न देता येतं का नळीतून? पावडरीच्या दुधाचा डबा महाग पडतोय आणि सासूबाईंना वाटतं की वरणाचं पाणी दिल्याशिवाय अंगाला लागत नाही.

---

मंगळवेढ्याची मावशी

माझ्या बहिणीच्या नातवाला नळी आहे, त्याचा आजार किडनीचा. म्हणून आधी सावध करते. एकाच्या घरी चाललेलं दुसऱ्याच्या घरी चालेलच असं नाही. आमच्या पोराला शहाळ्याचं पाणी, केळं, टोमॅटो, वरणाचं पाणी सगळं बंद आहे, त्यात पोटॅशियम असतं आणि त्याच्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही. शेजारणी प्रेमानं शहाळं घेऊन येतात, त्यांना परत पाठवताना जिवावर येतं. चिनूला ती अडचण दिसत नाही, तरी आहारतज्ज्ञांना विचारूनच.

वरणाच्या पाण्याबद्दल तुमच्या सासूबाईंना हळूच सांगा की वरचं पाणी नुसतं पाणीच असतं, कस खाली डाळीत राहतो. लेकराच्या पोटात जागा थोडी. त्या १२० मिलीत ताकद भरायची आहे. आमच्या ताईंनी (आहारतज्ज्ञ) शिकवलेली सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे चहाचा एक चमचा तेल, त्यात पंचेचाळीस कॅलरी असतात आणि तेलानं नळी तुंबत नाही. पण किती घालायचं ते त्यांनीच ठरवायचं, जास्त झालं की जुलाब.

दुसरी युक्ती नाचणीची. डाळ-तांदळाची पेज चांगली घट्ट केली की नळीतून उतरत नाही, पातळ केली की नुसतं पाणी. यावर उपाय म्हणजे मोड आणलेली नाचणी. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवून, हलकी भाजून दळायची. घट्ट पेज चुलीवरून उतरवून थोडी निवाली की त्यात हे पीठ चमचाभर घालून ढवळत राहायचं. पाचेक मिनिटांत तुमच्या डोळ्यांदेखत पेज पातळ होते, पाणी न घालता. मोड आल्यावर धान्यात जो रस तयार होतो तो पिठूळपणा तोडतो, असं ताईंनी समजावलं. बडोद्याच्या विद्यापीठात यावर बरंच काम झालंय म्हणे. पातळ झाली की परत एक उकळी द्यायची, म्हणजे कच्च्या पिठातलं काही राहत नाही.

आपल्याकडे ज्वारी घरात असते म्हणून कुणाला वाटेल ज्वारीला मोड आणावेत. आणू नका. कोवळी ज्वारी खाऊन जनावरं दगावतात हे गावात सगळ्यांना माहीत आहे, तेच विष मोडात असतं.

मात्र आठ नंबरच्या नळीतून घरचं अन्न देऊ नका असं मी सांगेन. आम्ही दिलं, मलमलच्या कापडातून दोनदा गाळून दिलं, तरी तिसऱ्या दिवशी नळी ठार बंद. पोटातली नळी जाड असते, तिच्यातून जातं. तोवर डबाच.

आणि सोलापूरचा उन्हाळा लक्षात ठेवा. मे महिन्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशात तयार केलेलं तासाभराच्या आत संपवायचं, उरलं तर फेकायचं. जीव तुटतो, तरी फेकायचं. नळाला पाणी दिवसाआड काय, चार-चार दिवसांनी येतं, सगळ्यांच्या घरी पिंपं भरलेली. नळीत जाणारा प्रत्येक थेंब उकळून गार केलेला असू द्या, नळी धुवायचा सुद्धा.

---

रंगखाना

काल रातपाळी होती, म्हणून आज. ऑपरेशनचं लिहितो.

आमच्या आईचंही म्हणणं तुमच्या सासूबाईंसारखंच होतं. तिला मी डॉक्टरांकडे घेऊन गेलो आणि तिनंच विचारावं असं केलं. डॉक्टरांनी तिला सांगितलं की दुर्बीण तोंडातून घालून, पोटावर छोटंसं छिद्र पाडून नळी बसवायची ही पद्धत अमेरिकेत क्लीव्हलंडमध्ये १९७९ साली सुरू झाली, आणि ती सुरुवातीला लहान बाळांसाठीच शोधली होती. म्हाताऱ्यांना नंतर वापरली. तिला वाटत होतं की आपल्या नातवावर काहीतरी नवीन करून बघताहेत. बाळांसाठीच केलंय म्हटल्यावर ती गप्प झाली. आणि ते भोक कायमचं नसतं. पुढं नळीची गरज संपली तर काढतात, बहुतेकांचं आपोआप बुजतं, कधी एखादा टाका लागतो. पोटावर एक छोटी खूण राहते.

आता जे कुणी सांगत नाही ते. पोटातून नळी बसली म्हणजे न्यूमोनिया संपला असं नाही. लाळ तीच, पोटातलं वर येणंही तेच. उलटीचा त्रास फार असेल तर डॉक्टर वेगळं ऑपरेशन सुचवतात, ते आधीच विचारून घ्या. पहिले पंधरा दिवस मुलाला दुखलं, आम्हाला झोप नाही. भोकाभोवती लालसर मांस वाढतं, चिघळतं, डॉक्टर त्यावर औषध लावून जाळतात, आमचं तीनदा झालं. पोटावर पालथं घालायला वर्षभर भीती वाटायची. उगीच वाटायची.

पण नाकातली नळी आणि गालावरची पट्टी गेली. मुलाचा चेहरा मी सव्वा वर्षानं पूर्ण बघितला. गालावर पट्टीचा चौकोनी डाग होता, तो जायला दोन महिने लागले. रात्री नळी कुठं आहे हा प्रश्न राहिला नाही.

त्याच्याऐवजी दुसरा एक प्रश्न येतो, तो आत्ताच सांगून ठेवतो. आमच्या मुलाला बटण आहे, म्हणजे पोटाच्या कातडीलगत बसणारी आखूड नळी, आतल्या बाजूला छोटा फुगा, त्यात पाणी भरलेलं. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला होम मैदानावर गर्दीत त्याला कडेवर घेतलं होतं. माझ्या शर्टाच्या गुंडीत अडकून बटण फुग्यासकट बाहेर आलं. अशा वेळी ते छिद्र तासाभरात आक्रसायला लागतं, काही तासांत बुजू शकतं. माझ्या पिशवीत फोलीची नळी होती, लघवीसाठी लावतात तीच, त्याच नंबरची. एका कोपऱ्यात बसून बायकोनं धरलं, मी नळी दोन इंच आत सरकवून पट्टीनं चिकटवली, दूध काही दिलं नाही, तसेच दवाखान्यात. नंदीध्वजांची मिरवणूक बघायची राहिली, पण छिद्र राहिलं. मात्र ऑपरेशनला दोन-अडीच महिने झालेले नसतील तर घरी अजिबात काही घालायचं नाही, वाट कच्ची असते, नळी पोटाबाहेर भलतीकडे जाते. नुसती स्वच्छ पट्टी लावून धावायचं.

फुग्यातलं पाणी दर आठवड्याला मोजतो, रविवारी, टॉवेलच्या गाठोड्यांचा हिशोब करायच्या आधी. ५ मिली भरलेलं ३ निघालं की समजायचं फुगा गळतोय.

आणि त्याला अजूनही आम्ही चव देतो. डॉक्टरांना विचारून. शेंगाचटणी जिभेच्या टोकाला, नखावर मावेल एवढी. तो डोळे मिटून घेतो.

---

चिनूची आई

पाच आठवड्यांनी लिहितेय. तुम्ही सगळे विचारत होता म्हणून.

पट्ट्या आल्या. पहिला आकडा ४. मग रोज ४, ४.५, कधी ५. वहीत लिहिते, वेळ, आकडा, किती आत. त्यामुळं हाताचा थरकाप कमी झालाय, गेला असं नाही म्हणणार.

परवा परत रात्री निघाली. दीड वाजला होता. हे घरी नव्हते. घातली, ३० वर आणली, ओढलं, काही येईना. हवा सोडून ओढलं, थोडं आलं. मी बघितलं तर मला ५.५ वाटत होतं. वाटत होतं म्हणजे मला तसं हवं होतं, चिनू भुकेनं ओठ चोखत होती. सिस्टरांचं आठवलं. सासूबाईंना उठवलं, पट्टी आणि डबीवरचे रंग त्यांच्यापुढं ठेवले, काही बोलले नाही. त्यांनी चष्मा लावला, दिव्याखाली नेऊन दोन्ही बाजूंनी बघितलं आणि ६ वर बोट ठेवलं.

मग दूध झाकून ठेवलं. चिनूला डाव्या कुशीवर घेतलं, सासूबाई तिच्या पाठीवर थोपटत बसल्या. पाऊण तासानं परत. या वेळी आधी त्यांनाच दाखवलं. ५. मीही बघितलं, ५. तासाभरापेक्षा जास्त वेळ झाला होता म्हणून आधीचं दूध ओतून टाकलं, नवीन केलं, वीस मिनिटं सिरींज धरून उभी राहिले. ती झोपली.

सकाळी सासूबाई स्वतःहून म्हणाल्या, ऑपरेशनला मी पण येते, डॉक्टरांना मला काही विचारायचंय. पुढच्या महिन्यातली तारीख मिळालीय.

भाऊ, फोलीची नळी आत्ताच घेऊन ठेवू का? कुठल्या नंबरची?

---

रंगखाना

आत्ता नको. पहिल्या दोन-अडीच महिन्यांत तिचा उपयोग नाही. ऑपरेशन झाल्यावर नळीवर किंवा बटणावर नंबर छापलेला दिसेल, तो लिहून घ्या, त्याच नंबरची एक आणि तिच्याहून एक नंबर बारीक एक, अशा दोन घ्या. बारीक लागते, कारण छिद्र आक्रसलेलं असलं तर तीच जाते. डॉक्टरांसमोर एकदा घालून दाखवायला सांगा. सासूबाईंनाही बघू द्या.

ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशी इथं लिहा. पुढून उघडणारे कपडे, दोन भागांतले, एकातला अख्खा झबला नको. आमच्याकडे लहान झालेले चार आहेत, सुती, मी आणून देतो.